दिवस कितीदा गेले

१९ नोव्हेंबर. वहिनीची फाइल लावायला घेतली होती. माझं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. त्या वेळात शटर अर्धं ओढून काउंटरवरच कागद पसरले. डायलिसिसचे कागद एका बाजूला, दादाच्या तपासण्या दुसऱ्या बाजूला, आधार कार्डांच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स तिसरीकडे. पंचिंग मशीनने भोकं पाडायची, तारखेप्रमाणे लावायचं, वर चिठ्ठी चिकटवायची. घरातले कागद लावायचं काम माझंच. दादाला कागद सापडत नाहीत, आणि वहिनीला कागदांबद्दल कोणी विचारत नाही.

दादा माझा मोठा भाऊ. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापूर्वी निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दादाचा रक्तगट तिच्याशी जुळत होता. घरातल्या कोणी किडनी दिली तर बरं, एवढं डॉक्टरांनी म्हणायचा अवकाश, दादा म्हणाला, माझी घ्या. कोणाला विचारलं नाही. आई दोन दिवस जेवली नाही. मी जेवले, पण मलाही ते आवडलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. बायका नवऱ्यांना देतात असं ऐकलं होतं. उलटं ऐकलं नव्हतं.

रक्तगट जुळला की काम झालं, अशी आमची समजूत. तसं नसतं. दवाखान्यातल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी समजावलं, की माणसाच्या पेशींवर त्याच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या वडिलांकडून. त्या खुणा किती जुळतात ते एका तपासणीत बघतात. मग दुसऱ्या तपासणीत घेणाऱ्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग आणि देणाऱ्याच्या पेशी एका नळीत एकत्र करतात. पेशी जगल्या तर पुढे जायचं. मेल्या तर थांबायचं, कारण नळीत झालं तेच अंगात होणार. नवराबायकोच्या खुणा जुळायचं तसंही काही कारण नसतं, आणि न जुळल्या तरी औषधांवर निभावतं. नळीतल्या निकालाला मात्र पळवाट नाही.

या सगळ्या प्रकाराला दवाखान्यात मॅचिंग म्हणतात. माझं हुडकेश्वरला मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. बाई साडी घेऊन येते, मी चार तुकडे काढून देते, आणि ट्यूबलाइटखाली ठरवू नका म्हणून तिला बाहेर उन्हात पाठवते. तो शब्द दवाखान्यात पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा दादा माझ्याकडे वळून म्हणाला होता, "हे तर तुयंच काम आहे वं. पाहून घे, आमचा रंग जुळते का."

वहिनी म्हणाली होती, "त्यायले काय विचारता? त्यायच्या दुकानात माल वापस घेत नाही."

तर फाइल. ढिगाच्या तळाशी जुलैचा फॉर्म निघाला. तो मीच भरला होता. मॅडम प्रश्न वहिनीला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. कधी रक्त चढवलं? नाही. आधी काही ऑपरेशन? अपेंडिक्स, लग्नाच्या आधी. मग मॅडमनी विचारलं, "प्रेग्नन्सी किती?"

"मूलबाळ नाही त्यांना," मी म्हटलं.

"मुलं नाही विचारत मी. दिवस कितीदा गेले?"

"नाही गेले. कधीच नाही."

वहिनी माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या मांडीवर छोटी बाटली होती, दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी. तिने बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि मी त्या चौकोनात आडवी रेघ मारली. शून्य लिहिलं नाही. ज्यांना प्रश्न लागूच नाही त्यांच्यासाठी मारतात तशी रेघ.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी ती रेघ मला दिसली. मी कागदाला भोकं पाडली आणि पुढचा कागद घेतला.

पाच वाजता आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. चार महिन्यांत दादाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. हृदय, फुप्फुसं, लघवी, मनाची तयारी आहे की कोणी दबाव आणला हेसुद्धा. सगळ्यात तो पास. नळीतली तपासणी तेवढी शेवटी ठेवली होती, तिचा निकाल आला होता.

"क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले.

"मंग झालं," दादा म्हणाला. "भरती कधी व्हायचं?"

डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, इथं पॉझिटिव्ह म्हणजे नाही. तुमच्या जवळपास सगळ्या पेशी मेल्या. काकूंच्या रक्तात तुमच्या विरुद्ध अँटिबॉडी तयार आहेत, आणि त्या फार जोरात आहेत."

"माझ्याच विरुद्ध?"

"तुमच्याच. तुमच्या खुणा त्या ओळखतात." मग ते वहिनीकडे वळले. "हे आपोआप होत नाही. रक्त चढवलं तर होतं, पण तुम्हाला आम्ही मुद्दाम चढवू दिलं नाही, इंजेक्शनांवर भागवलं. आधी कुठला अवयव बसवला असेल तर होतं, ते नाही. मग एकच कारण राहतं." त्यांनी फाइल उघडली. मी लावलेली, त्यामुळे कागद लगेच सापडला. "इथं तर रेघ आहे."

डॉक्टर सांगत राहिले. पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं. आईच्या रक्ताची बापाच्या खुणांशी तिथे ओळख होते, आणि काहींचं रक्त ती ओळख वीस-वीस वर्षं धरून ठेवतं. मूल जन्माला आलंच पाहिजे असं नाही.

"तीनदा," वहिनी म्हणाली. "दोनदा दुसऱ्या महिन्यात गेलं. एकदा पाचव्यात."

दादाने तिच्याकडे पाहिलं. पाचव्या महिन्यातलं त्याला माहीत होतं. आधीची दोन त्याला काय, मलाही कोणी सांगितली नव्हती.

"हे जुलैत कळलं असतं," डॉक्टर म्हणाले, "तर ही तपासणी सगळ्यात आधी केली असती. आठ दिवसांत समजलं असतं की काकांची चालणार नाही. लगेच माहेरच्यांकडे वळलो असतो." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या चार महिन्यांत काय झालं ते आम्हाला माहीत होतं. डायलिसिससाठी वहिनीच्या हातात शिरा जोडून जागा केली होती, ती सप्टेंबरात बंद पडली. तेव्हापासून मानेतल्या नळीवर चाललं होतं, आणि त्या नळीत दोनदा पू झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर नळी कुठे घालायची, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नव्हतं.

"फॉर्म कोणी भरला?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

आता ते सांगते. मी विसरले नव्हते.

वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी सातव्या महिन्याची माहेरी आले होते. वहिनीलाही तेव्हा पाचवा लागला होता. आईने बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. आधी लेकीची ओटी भरून होऊ दे, मग सुनेचं पाहू, असा तिचा हिशेब. माझ्या खोलीतला कूलर दिवसातून तीनदा भरावा लागायचा. तो वहिनी भरायची, अंगणातल्या टाक्यातून बादलीने. मी पलंगावरून ओरडायचे, "वहिनी, कूलर सुकाच चालून राहिला." त्या दुपारीही ओरडले होते. कोणी आलं नाही, म्हणून चिडून उठले, तर वहिनी न्हाणीघराच्या पायरीवर बसली होती आणि आई तिच्या पायांवर पाणी ओतत होती.

कूलरच्या बादल्यांनी झालं असं मी म्हणत नाही. आधीची दोन गेली तेव्हा तर मी सासरी होते. लाज त्याची नाही. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन तिला संध्याकाळी परत आणलं. आईने मला आणि दादाला बसवून सांगितलं, "कोणी विचारलं तर दिवस नव्हते. पाळी चुकली होती." पाचव्या महिन्यात. दादा मान खाली घालून बसला. मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी माझी ओटी होती. गल्लीतल्या बायका जमल्या. वहिनी आतून ताट घेऊन आली, तांदूळ, नारळ, हळदकुंकू, आणि रांगेत उभी राहिली. आईने माझ्याकडे पाहिलं. ती बोलली नाही. मी बोलले. "आई, वहिनीले आतच राहू दे न. नको त्यायचा हात." हळूच म्हटलं होतं, पण खोली दहा बाय दहाची. वहिनीने ताट पाटावर ठेवलं आणि ती पुऱ्या तळायला गेली. त्या पुऱ्या मी खाल्ल्या.

तेव्हापासून घरात तो शब्द रुळला. पाळी चुकली होती. वीस वर्षं एक शब्द वापरला की तो खोटा आहे हे जिभेला कळेनासं होतं. जुलैत मॅडमनी विचारलं तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोलले नाही, असं म्हणायची मला सोय आहे. पण रेघ मारताना मला ती न्हाणीघराची पायरी आठवली होती. मॅडम, थांबा, एकदा गेले होते, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. फक्त मग ओटीच्या दिवशी मी जे म्हटलं ते काय होतं, याचं उत्तर मला स्वतःला द्यावं लागलं असतं.

दवाखान्यातून आम्ही दादाकडे आलो. आई सोप्यावर वाटाणे सोलत बसली होती. दादाने तिला दोन वाक्यांत सांगितलं. आईचं वय ऐंशीच्या पुढे आहे, पण ऐकू नीट येतं.

"बाप्पा," ती म्हणाली. "पाळी चुकली ते कोणी मोजते काय?"

"नळी मोजते, आई," वहिनी म्हणाली आणि भाकरीचं पीठ घ्यायला आत गेली. मी मागोमाग गेले. परात तिच्या हातातून घेतली. तिने घेऊ दिली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी तिला उभं राहवत नाही. स्टुलावर बसून ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमच्या दादाशी माझं मॅचिंग नाही हे मले आधीच माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "पण डॉक्टर लेखी देईन असं नव्हतं वाटलं."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, जुलैत तुम्ही काहून नाही बोलल्या? शेजारीच बसल्या होत्या."

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना. मले वाटलं, पाहू, आज तरी सांगते का."

एवढंच. मी पीठ मळत राहिले. जास्त पाणी पडलं, मग जास्त पीठ घातलं.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, की औषधांनी अँटिबॉडी कमी करून पाहता येतं, पण त्या इतक्या जोरात असताना धोका मोठा. दुसऱ्या एखाद्या जोडीशी अदलाबदल करायची यादी असते, तीत नाव घालू, पण तिथे वाट पाहावी लागते, आणि वहिनीकडे वाट पाहायला किती दिवस आहेत ते सांगता येत नाही. सगळ्यात चांगलं सख्खं भावंड. एकाच आईबापाचं, त्यामुळे पूर्ण जुळायची चारात एक आशा.

वहिनीला सख्खी एकच, मोठी बहीण. रामटेकला असते. ती नऊ वर्षांत आमच्या दारात आलेली नाही, आणि त्याला कारण मी आहे.

आमच्या चुलतभावाच्या लग्नात, मांडवात, जेवणाच्या पंगतीआधी आईने त्या बहिणीला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, की तुमच्या बहिणीनं आमच्या घराले पाळणा नाही दाखवला. बहीण गप्प बसणारी नाही. ती म्हणाली, "माझी बहीण वांझ नाही. तिले दिवस गेले होते. या तुमच्या पोरीले विचारा, ती घरातच होती." आणि सगळा मांडव माझ्याकडे वळला. माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. मी म्हटलं, "काहीच्या काही नका बोलू. पाळी चुकली होती." मागे कोणीतरी हसलं. बहीण न जेवता निघून गेली.

"तिले कळवलं का?" मी वहिनीला विचारलं. "आजारपणाचं?"

"साखर वाढली एवढंच सांगतलं."

"मी जातो उद्या."

"नाही जायचं. ती देईन," वहिनी म्हणाली. "म्हणूनच नाही जायचं."

मी तिला हिशेब सांगायला लागले: मानेतली नळी, यादी, चारात एक. कागदांवरच्या गोष्टी मला सांगता येतात. तिने ऐकून घेतलं.

"तुमचं काही राहिलं असन तिच्याकडं," ती शेवटी म्हणाली, "तर ते निस्तरायले जा. माझ्यासाठी मागायले नका जाऊ. आणि मागायचंच असन, तर ते मंग. आधी निस्तरा."

तव्यावरची भाकरी करपली होती. मी ती माझ्या ताटात वाढून घेतली, आणि हाही एक देखावाच, हे कळून पुन्हा ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. गणेशपेठच्या स्टँडवरून रामटेकची गाडी धरली. फाइल घेतली नव्हती. फाइल हातात असली की मी कामाला आलेली बाई होते, हे मला माहीत आहे.

बहिणीचं घर गडाच्या पायथ्याशी, शेताला लागून. अंगणात धानाची रास होती आणि ती सूप घेऊन पाखडत होती. तिने मला फाटकापाशीच ओळखलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग तुमी काहून आल्या?"

बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं. त्या मांडवात मी खोटं बोलले. वहिनीला दिवस गेले होते. पाचवा महिना होता, मी घरात होते, मी डोळ्यांनी पाहिलं. ओटीच्या दिवशी तिला मागे सारणारी आई नव्हती, मी होते. मग किडनी, जुलैचा फॉर्म, रेघ, नळी, सगळं. बोलताना माझा आवाज दुकानात असतो तसाच होता. त्याचंही मला बरं वाटलं नाही.

तिचं सूप थांबलं नव्हतं. धान पडत होतं, कोंडा उडत होता, माझ्या साडीवर बसत होता.

"तिनं पाठवलं?"

"नाही. ती नको म्हणते."

"तिचंच खरं." तिने सूप राशीवर पालथं ठेवलं आणि हात झटकले. "किडनीचं मी पाहीन. तिले काय द्यायचं नि काय नाही, ते आमचं दोघींचं आहे. त्यात तुमी नका पडू. पण ते पहिलं जे बोलल्या ना तुमी आता, ते इथं अंगणात मले एकटीले सांगून नाही होत. मले ते आधीच माहीत होतं." तिने घराकडे तोंड करून हाक मारली. "आत्याबाई, बाहेर या. शेजारच्या काकीले पण बोलवा." मग माझ्याकडे वळली. "ह्या दोघी माझ्यासंगं होत्या त्या मांडवात. हसणारी ती काकीच होती."

तिची म्हातारी सासू दाराची चौकट धरून ओसरीवर आली. शेजारची काकी कुंपणावरूनच आली, हाताला शेण लागलेलं. दोघी बसल्या. बहीण खांबाला टेकून उभी राहिली.

"आता बोला," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला, आत्याबाईले कमी ऐकू येते."

मी चपला काढल्या, ओसरीवर चढले आणि मे महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.